पुकारे पाणी पीत आहेत

"काका, वर्णनात आधी काहीतरी चांगलं सांगा ना," पुतणी म्हणाली. "पहिल्याच ओळीत 'आरशाला कडेला तडा आहे' असं वाचल्यावर माणूस पुढे कशाला वाचेल?"

"जो पुढे वाचणार नाही तो घेणारही नाही. त्याच्यासाठी कशाला लिहायचं?" काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलावरच्या पितळी सूक्ष्मदर्शकाचे एक भिंग फिरवून, काढून, खिडकीच्या उजेडाकडे धरले. "लिही. तीन भिंगांपैकी एक मूळचं नाही. दुसऱ्या कारखान्याचं बसवलंय. काम उत्तम करतं, पण मूळचं नाही."

"आधी तडा, मग परकं भिंग. आणि गुण?"

"गुण फोटोत दिसतात. दोष सांगावे लागतात."

समोरच्या खुर्चीत त्या सूक्ष्मदर्शकाचे मालक बसले होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी अडतीस वर्षे काचपट्ट्या तयार केल्या होत्या आणि निवृत्तीच्या दिवशी हा जुना सूक्ष्मदर्शक त्यांना निरोपाची भेट म्हणून मिळाला होता. पद प्रयोगशाळा-सहायकाचे, परंतु विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी त्यांना 'मास्तर' केले होते आणि ती पदवी कोणत्याही कागदावर नसल्यामुळे निवृत्तीनंतरही कोणी काढून घेऊ शकले नव्हते. आपल्या वस्तूचे दोष असे उघड्यावर मांडले जात असताना त्यांच्या मुद्रेवर रोष नव्हता. उलट, जाणकार वैद्याने नाडी धरल्यावर रोग्याला वाटते तसे काहीसे समाधान होते.

"ते भिंग मीच बदललं होतं," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं. प्राचार्यांच्यासुद्धा नाही. अर्थात, ते कधी आत डोकावलेच नाहीत." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "याचे किती येतील?"

"बारा हजार. कुणी खरा गरजू भेटला तर चौदा."

"आणि मोठ्या बाजारात?"

"तिथे वीसही येतील, चारही येतील. ते तुम्हाला कोण सांगणार? तिथे विचारायला माणूस कुठाय?"

मास्तर हसले. मुलीकडे कायमचे राहावयास जायचे होते आणि तिच्या घरात त्यांच्या वाट्याला एक पलंग व अर्धे कपाट येणार होते. त्या अर्ध्या कपाटात सूक्ष्मदर्शक बसत नव्हता. त्यांनी कागदावर सही केली.

कुलूपवाल्याच्या दुकानावरची ही खोली. दोन टेबले, दोन संगणक, एक छापयंत्र, भिंतीशी तपकिरी कागदाच्या गुंडाळ्या आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून मांडलेले एकेचाळीस नग. खालून कानशीचा आवाज दिवसभर येई. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता याच खोलीतून एका नव्या संकेतस्थळावर पहिला लिलाव व्हायचा होता. ज्या संकेतस्थळाला सारे जग 'मोठा बाजार' म्हणे, जिथे सुईपासून विमानाच्या सुट्या भागांपर्यंत सर्व काही बोलीवर चढे, त्याच्याशी ही खोली स्पर्धा करणार होती. कुलूपवाला म्हणे, "हत्तीशी कुस्ती खेळायची तर खेळा, पण जिन्यावर नको, माझं गिऱ्हाईक दबेल."

काकांनी चौतीस वर्षे लिलावघरात पुकारा केला होता. तीन पायऱ्यांच्या लाकडी मंचावर उभे राहून, हातात शिसवी हातोडा घेऊन, परक्यांच्या संसारांना ते वाणीने निरोप देत आले होते. कोणी परदेशी निघालेला, कोणी दिवंगत, कोणाची पेढी बुडालेली; प्रत्येकाच्या वस्तू त्यांनी सारख्याच आदराने पुकारल्या. खरे नाव कधीचेच मागे पडले. शहराने त्यांना 'पुकारे' म्हटले व त्यांनी ते मान्य केले. पुढे मोठा बाजार घराघरांत पोहोचला. लिलावघरातून आधी घेणारे गेले, मग विकणारे गेले, आणि शेवटच्या वर्षी बाकांवर नियमाने हजर राहणारी कबुतरे तेवढी उरली. आता तिथे फरशा विकतात.

पुतणीचा प्रवास उलट दिशेचा. ती मोठ्या बाजाराच्याच तक्रार विभागात नऊ वर्षे होती. आलेली तक्रार वाचायची, खेद व्यक्त करायचा आणि ती बंद करायची, असे तिचे काम. फसवणुकीच्या तक्रारी तिला अपेक्षित होत्या. तिला आश्चर्य वाटे ते दुसऱ्याच एका गाऱ्हाण्याचे: मी चार दिवस बोली राखून होतो आणि शेवटच्या क्षणी कोणीतरी येऊन वस्तू उचलून नेली. एकदा जेवताना तिने काकांना विचारले होते, "तुमच्याकडे असं व्हायचं?"

"कसं होईल? आमच्याकडे घड्याळच नव्हतं. बोलणारे गप्प झाले की लिलाव संपायचा."

त्या एका वाक्यातून हे संकेतस्थळ जन्मले. तिने सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. नवरा म्हणाला, "सहा महिने घे. त्यानंतर मी काही बोलणार नाही, पण माझा चेहरा बोलेल." ती रजा या रविवारी संपत होती. सोमवारी सकाळी तिने कामावर रुजू व्हायचे होते किंवा राजीनामा कळवायचा होता. आणि कोणता निरोप द्यायचा ते पहिला लिलाव ठरवणार होता.

नियम काकांचेच. दोष आधी सांगायचे, हा पहिला. वेळ संपली म्हणून नव्हे, तर शांतता झाली म्हणून हातोडा पाडायचा, हा दुसरा. तिसऱ्या नियमावरून मात्र काका-पुतणीत बराच वाद झाला होता.

लिलावघरात बोली भलतीकडे जाऊ लागली, दोघे जण वस्तू विसरून एकमेकांशीच भांडू लागले, की पुकारा करणारा हातोडा खाली ठेवी आणि सावकाश पाणी पिई. कोणी काही बोलत नसे. पेला रिकामा झाल्यावर तो इतकेच म्हणे, "वस्तू तीच आहे." मग ज्याला बोली मागे घ्यायची असेल त्याने घ्यावी, त्यात कमीपणा मानत नसत. काकांच्या आधीच्या थोरल्या पुकाऱ्यांनी एकदा दोन भावांच्या लिलावात तीन वेळा पाणी प्यायले होते. वडिलांची आरामखुर्ची होती. बोली घराच्या किमतीच्या पुढे गेली. तिसऱ्या पेल्यानंतर थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला, "यांचं पोट फुटेल रे. घे तूच ती खुर्ची." सभागृह हसले, भाऊ हसले आणि खुर्ची रास्त भावात गेली.

"काका, ही साइट आहे," पुतणी म्हणाली होती. "लोकांना तुमचा पेला दिसणार नाही."

"मग दिसेल असं कर."

शेवटी केवळ त्यांचे मन राखण्यासाठी तिने एक बटण केले. ते दाबले की बोली तीन मिनिटे थांबे आणि पडद्यावर अक्षरे उमटत: पुकारे पाणी पीत आहेत. नियमांच्या पानावर हे लिहायचे राहून गेले. तिला वाटले, कशाला कधी लागेल. आणि काकांच्या मनात आलेच नाही, कारण पाण्याचा नियम त्यांनी आयुष्यात कधी कोणाला समजावून सांगितला नव्हता. तो सर्वांना ठाऊकच असे.

रविवारी अकराला दोनशे सहा माणसे लिलावात आली. पुतणीने तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला. मास्तरही आले होते. घरचा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळ बसले होते. प्रत्येक बोलीला संगणकातून 'टक्' असा लहानसा ध्वनी येई. काकांनीच तो मागून घेतला होता. पहिले वीस नग निमूटपणे गेले. दिवा, शिवणयंत्र, नकाशांची पेटी, तबकड्यांचा जोड. काका वर्णन वाचत, बोली घेत, आणि शांतता पुरी झाली की एकवार, दोनवार, तीनवार म्हणून कळ दाबत. त्यांचा आवाज दोनशे सहा अनोळखी घरांत जात होता, हे त्यांना कळत होते; परंतु बाकांवरची कुजबुज, खोकला, कोणीतरी पाय हलवल्याचा आवाज, यांतले काहीच उलट येत नव्हते.

एकविसावा नग सूक्ष्मदर्शकाचा.

चारवर सुरुवात झाली. सहा, नऊ, अकरा. 'चौथी खिडकी' नाव घेतलेल्या कोणी चौदा हजार म्हटले. काका मास्तरांकडे पाहून किंचित हसले. आणि तेथून दोघेच उरले: एक 'पाणकोंबडी', दुसरा 'साखरझोप'.

"सतरा," पुतणी पुटपुटली. "काका, एकोणीस. बावीस."

मास्तर खुर्चीच्या कडेवर आले.

अठ्ठावीस. एकतीस. पूर्वी दोन बोलींच्या मध्ये माणूस एक श्वास घेईल एवढे अंतर होते. आता 'टक्'वर 'टक्' पडू लागले, जणू दोघे एकमेकांच्या दारावर धडका देत होते. चौतीस वर्षे ज्या कानाने भीड, हाव, गरज आणि हट्ट यांचे स्वर वेगळे केले होते, त्या कानाला यात वस्तूची इच्छा ऐकू येईना.

"छत्तीस," पुतणी म्हणाली. "छत्तीस हजार, काका. पहिल्याच दिवशी. उद्या मी हे दाखवून…"

काकांनी बटण दाबले.

खोलीत एकदम खालच्या कानशीचा आवाज ऐकू येऊ लागला. काकांनी खरोखरच पेला उचलला, सावकाश पाणी प्यायले, पेला ठेवला आणि ध्वनिग्राहकाशी वाकून म्हणाले, "वस्तू तीच आहे. आरशाला कडेला तडा आहे. एक भिंग मूळचं नाही. बोली मागे घ्यायची असेल तर घ्यावी; त्यात कमीपणा नाही."

दुसऱ्या मिनिटाला 'साखरझोप'ने बोली मागे घेतली. तिसरे मिनिट संपता संपता 'पाणकोंबडी'नेही. पडद्यावर एकच बोली उरली.

"चौथी खिडकी, चौदा हजार कायम?"

टक्.

"एकवार. दोनवार." काकांनी नेहमीइतकेच थांबून घेतले. "तीनवार."

उरलेले वीस नग पुढे दीड तासात गेले. त्या दीड तासात पुतणीने एकदाही काकांकडे पाहिले नाही. शेवटचा हातोडा पडल्यावर मास्तरांनी विचारले, "मघाशी छत्तीस होते ना?"

"होते," काका म्हणाले.

"मला कुणी सांगितलं नव्हतं, असं काही असतं म्हणून."

लिलावघरात हे सांगावे लागत नसे, कारण बाकांवरची माणसे तीच असत. आज विकणारा पुढच्या आठवड्यात घेणारा होई. ज्या पाण्याने आज त्याचे नुकसान केले ते उद्या त्याला वाचवी. मास्तर आयुष्यात एकदाच विकायला आले होते, आणि परवा निघून जाणार होते.

"माझी चूक झाली," काका म्हणाले. "आधी सांगायला हवं होतं. विचारायला हवं होतं."

"तुम्ही बारा सांगितले होते. चौदा आले. म्हणजे हिशेबाने मी दोन हजारांनी वरच आहे." मास्तर उठले. "पण बावीस गेल्यासारखे वाटतायत. गंमत आहे." ते हसले नाहीत.

पुतणी पुढे आली. "मास्तर, आमचं कमिशन राहू दे. आणि हवं तर पुढच्या रविवारी आपण पुन्हा लावू."

"आणि त्या चौदावाल्याला काय सांगणार? हातोडा पडला ना?"

"पडला."

"मग पडला." जिन्याच्या कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरत गेले. खाली कुलूपवाला त्यांना काहीतरी म्हणाला. त्यांचे उत्तर ऐकू आले नाही.

दार लोटून पुतणी वळली. "काका, तुम्हाला कसं कळलं की ते हट्टाला पेटलेत?"

"आवाजावरून."

"कुणाचा आवाज? तो मशीनचा आवाज आहे. मी बसवलाय तो. एखाद्याला खरंच हवा असला तर?"

"हवा असता तर मागे घेतली नसती."

"बरं. आणि मास्तरांना पैसे नको होते का?"

काकांनी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. ती एवढेच म्हणाली, "मी उद्या ऑफिसला काय सांगू, तेवढं आज ठरवू द्या मला," आणि पिशवी उचलून गेली.

संध्याकाळी काकू भाजी निवडत होती. काकांनी सगळी हकीकत सांगितली. चौतीस वर्षे लोकांचे संसार विकणाऱ्या या माणसाला घरातला मोडका पंखा काही खपवता आला नाही, हा तिचा जुना विनोद; पण आज तिने तो केला नाही.

"मधेच थांबवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता?" तिने विचारले.

"थोरल्या पुकाऱ्यांनी. मंचावर चढलो त्याच दिवशी."

"मायक्रोस्कोप त्यांचा होता का?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. तिने देठ बाजूला सारले. "तुमचं मन वाईट नाही हो. पण दुसऱ्याच्या वस्तूवर चांगुलपणा करायला काही लागत नाही."

सोमवारी सकाळी काका खोलीवर आले तेव्हा पुतणी आधीच आलेली होती. संगणकावर नियमांचे पान उघडे होते.

"दोन मेल आलेत," ती म्हणाली. "साखरझोप म्हणतो, असला लिलाव मी जन्मात पाहिला नाही, माझं नाव काढून टाका. आणि पाणकोंबडी म्हणतो," ती वाचू लागली, "'तीन मिनिटं मिळाली म्हणून वाचलो. बायको विचारतेय, पुढचा लिलाव कधी आहे. त्या दिवशी ती मला बाहेर नेणार आहे.'"

"एक गेला, एकाला बायको येऊ देणार नाही," काका म्हणाले. "दुकान चांगलं चाललंय."

ती हसली, पण थोडेच. "मी सकाळी ऑफिसला फोन केला."

काका उभेच राहिले.

"मी येत नाही म्हणून सांगितलं."

"अगं, कालच्या नंतर?"

"कालच्यामुळेच. नऊ वर्षांत हजारो तक्रारी वाचल्या मी. प्रत्येकीला तेच चार शब्द लिहिले. मास्तरांनी काल तक्रार केली आणि मला रात्रभर वाटत राहिलं, हिच्यावर आपण काहीतरी करू शकतो. नियम आपला आहे. आपण बदलू शकतो." तिने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा. काय लिहू?"

काका बसले. मग ते वर्णन सांगताना ज्या स्वरात बोलत त्याच स्वरात, थांबत थांबत, सांगू लागले. विकणाऱ्याला हा नियम आधी वाचून दाखवावा. त्याला मान्य नसेल तर त्याच्या वस्तूला तो लागू करू नये. मान्य असेल तर बोली लावणाऱ्यांपैकी कोणीही पाणी मागावे. मागितल्यावर तीन मिनिटे मिळावीत.

तिची बोटे थांबली. "बोली लावणाऱ्याने मागायचं? आणि पुकारणाऱ्याने?"

"त्याने नाही."

"काका, ते तुमचं होतं."

"समोर चेहरे होते तोवर होतं. इथे मला कोण दिसतंय? माझ्या हातून काढ ते. हातोडा राहू दे. तेवढा पुरे."

तिने ओळ लिहिली, बटण त्यांच्या पडद्यावरून काढले आणि त्यांना दाखवले. जिथे ते होते तिथे आता नुसती पांढरी जागा होती. काकांनी मान हलवली आणि ते सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन बांधणीच्या टेबलाकडे गेले. 'चौथी खिडकी'चा पत्ता छापून आला होता. बरेच दूरचे गाव होते.

त्यांनी कागद पसरला तोच जिन्यावर पावले वाजली. दारात मास्तर उभे होते. कालचाच शर्ट, हातात कापसाचा गोळा आणि जुन्या चामड्याची एक पट्टी.

"बांधला नाही ना अजून?"

"नाही. आत्ताच घेतला."

"नळी पूर्ण खाली उतरवून बांधावी लागते. वर राहिली तर वाटेत दात्यांवर भार येतो आणि स्क्रू तुटतो. तुम्हाला हे ठाऊक नसणार."

"नव्हतं," काका म्हणाले.

मास्तर आत आले. त्यांनी पेटी उघडली, नळी हळूहळू फिरवत तळाला नेली, भिंगांच्या खाली कापूस दाबला, आरशामागे चामड्याची पट्टी सरकवली. एकदा डोळा लावून आत पाहिले. पाहण्यासारखे आत काही नव्हते, काचपट्टी नव्हती. तरी त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि झाकण लावले.

काकांनी कागद गुंडाळला. छत्तीस हा आकडा कोणीही उच्चारला नाही, चौदाही नाही. सुतळीचा पहिला वेढा बसला, दुसरा बसला. गाठीपाशी सुतळी ढिली पडू लागली, तेव्हा मास्तरांनी न सांगता आपले बोट तिच्यावर ठेवले आणि घट्ट दाबून धरले. काचपट्ट्या हाताळून त्या बोटाची कातडी गुळगुळीत झाली होती.

"हं," ते म्हणाले. "मारा गाठ."

काकांनी गाठ मारली. मास्तरांनी बोट हलकेच बाहेर ओढून घेतले.